माइक घेण्याआधी आढ्याकडे पाहा

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक व माध्यमिक), जिल्हा परिषद रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग;
तसेच तिन्ही जिल्ह्यांतील मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समित्यांचे सदस्य यांस,

विषय: वर्गातील ध्वनिवर्धक यंत्रणा – घेण्याआधी, जोडताना आणि नंतर

सप्रेम नमस्कार.

कोकणात शाळा आणि पाऊस एकदमच सुरू होतात. जूनच्या मध्यापासून गौरी-गणपतीपर्यंत, म्हणजे पहिल्या सत्राचा मोठा भाग, शिक्षक डोक्यावरच्या पत्र्याशी स्पर्धा करत शिकवतात, आणि या स्पर्धेत पत्रा कधी दमत नाही. वर्गात माइक-स्पीकर असावा ही मागणी त्यामुळे रास्त आहे आणि आमचाही तिला पाठिंबा आहे. पण ती मांडताना बहुतेक वेळा कारण उलटे सांगितले जाते. यंत्रणा घ्यायची ती वर्गात आवाज मोठा व्हावा म्हणून नव्हे. शिक्षकाला साध्या, बसक्या न झालेल्या आवाजात बोलता यावे आणि तोच आवाज शेवटच्या बाकापर्यंत सारखा पोचावा म्हणून. हा फरक खरेदीच्या कागदावर उतरला नाही, तर दहा हजारांचा संच दिवाळीनंतर कपाटात जातो आणि पुढे फक्त १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला बाहेर येतो.

आधी घशाबद्दल. स्वरयंत्रातील दोन पट्ट्या बोलताना एकमेकींवर आपटतात. पुरुषाच्या आवाजात सेकंदाला साधारण १२०, स्त्रीच्या आवाजात २०० वेळा. एका तासिकेत हे लाखांच्या घरात जाते. आवाज चढवला की आपटण्याचा जोर वाढतो, पट्ट्या सुजतात आणि वर्षानुवर्षे तेच चालले तर त्यांवर घट्टा धरतो, गाठी येतात. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, हे फ्रेंच वैद्य एतियेन लोम्बार यांनी १९११ सालीच दाखवून दिले होते. म्हणून 'बाई, जरा हळू बोला' हा सल्ला पावसाळी वर्गात निरर्थक ठरतो. कानावर गोंगाट आहे तोवर गळा ऐकत नाही.

अमेरिकेतील आयोवा आणि युटा राज्यांत झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत, आयुष्यात कधीतरी आवाजाचा विकार झालेल्यांचे प्रमाण शिक्षकांत ५७.७ टक्के, तर इतर व्यवसायांतील लोकांत २८.८ टक्के आढळले. त्याआधी २००२ साली त्याच प्रमुख संशोधकाच्या गटाने आवाज बिघडलेल्या शिक्षकांचे गट करून सहा आठवडे पाहिले होते. एका गटाला घशाची काळजी कशी घ्यावी याचे धडे दिले, दुसऱ्याला अंगावर बांधायचा छोटा ध्वनिवर्धक दिला. स्पष्ट फरक ध्वनिवर्धकवाल्या गटात दिसला. गुळण्या, ज्येष्ठमध, कोमट पाणी यांना आमचा विरोध नाही, पण सहा तास ओरडून त्यावर ज्येष्ठमध चघळणे म्हणजे गळक्या छपराखाली बादली ठेवण्यासारखे आहे. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला तर मात्र माइकची वाट न पाहता कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे.

आता मुलांच्या बाजूने. स्वरांमध्ये ताकद असते, व्यंजनांमध्ये अर्थ. 'आ' पावसातही ऐकू येतो. पण 'ताट' की 'थाट', 'पाट' की 'पाठ', 'काल' की 'काळ', 'जाड' की 'झाड' हे ज्या बारीक, क्षीण ध्वनींवरून कळते ते गोंगाटात सर्वांत आधी बुडतात. मोठी माणसे संदर्भावरून गाळलेली जागा भरतात. पहिली-दुसरीतल्या मुलाचा शब्दसाठाच तेवढा नसतो, शिवाय घरी मालवणी, आगरी किंवा कोकणी मुस्लिम बोली बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीतला शब्द नवाच असतो. पावसाळ्यात सर्दीने कानाला दडे बसलेली मुले वेगळीच. म्हणून लहान मुलांच्या वर्गात शिक्षकाचा आवाज आजूबाजूच्या गोंगाटापेक्षा सुमारे १५ डेसिबल वर असावा, असे ध्वनितज्ज्ञ मानतात. शुद्धलेखनाच्या वहीतील लाल खुणांपैकी काही खुणा कानाच्या असतात, हाताच्या नसतात.

साधा हिशेब पाहा. नेहमीच्या बोलण्याचा आवाज एक मीटरवर साधारण ६० डेसिबल. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की तो ६ डेसिबलने घटतो: दोन मीटरवर ५४, चार मीटरवर ४८. खोलीत भिंतींवरून परत आलेल्या आवाजामुळे घट थोडी कमी होते, पण परत आलेला आवाज उशिरा येतो आणि पुढच्या अक्षरावर सांडतो. मुसळधार सरीत उघड्या पत्र्याखाली ६५-७० डेसिबल सहज होतात. म्हणजे मागच्या बाकावर शिक्षक पावसाच्या वर तर नाहीच, पंधरा-वीस डेसिबल खाली असतो. ही दरी फक्त स्पीकरने भरायची तर वर्ग ८५ डेसिबलवर न्यावा लागेल. तो वर्ग नव्हे, जत्रा. चांगली यंत्रणा मागच्या बाकावर आठ-दहा डेसिबलची भर घालते. बाकीचे काम छपराने करायचे आहे.

म्हणून आमची पहिली विनंती माइकबद्दल नाहीच. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आले. त्यात अनेक शाळांची कौले उडाली. कौलाची वारंवार डागडुजी नको, माकडांचा त्रास नको, म्हणून पत्रा घालणे सोयीचे वाटते. ते आम्हाला समजते. पण कौल जड असते, थेंबाने थरथरत नाही. पत्रा पातळ असतो, ढोलासारखा वाजतो. पत्रा बसवायचाच असेल तर तो वाजणार नाही अशी तजवीज त्याच अंदाजपत्रकात धरा. थरथर जिथे होते तिथेच ती दाबली तर सर्वांत चांगले: दोन पत्र्यांमध्ये भराव असलेले तयार पॅनेल, किंवा पत्र्याच्या पोटाशी चिकटवलेला जड डांबरी थर. ते परवडत नसेल तर पत्र्याखाली फूटभर अंतर सोडून छत मारा आणि वर खनिज लोकरीचा किंवा काच लोकरीचा थर टाका. नुसते थर्माकोल लावून उपयोग होत नाही. ते उष्णता अडवते, आवाज जवळपास नाही, आणि आगीला आमंत्रण देते. काथ्याच्या जाड चटया इथे मिळतात आणि भिंतीवर घुमारा कमी करायला त्या कामाच्या आहेत. पण त्यांना वाळवी आणि बुरशी लागते, म्हणून भिंतीपासून दोन बोटे सोडून चौकटीवर ताणाव्यात आणि विजेच्या तारांपासून दूर ठेवाव्यात.

घुमाऱ्याचे, म्हणजे बोलणे थांबल्यावर आवाज खोलीत जितका वेळ रेंगाळतो त्याचे, गणित प्रत्येक शाळेला करता येईल. खोलीचे घनफळ घनमीटरमध्ये घ्या, ०.१६ ने गुणा आणि खोलीतील एकूण शोषणाने (भिंती, फरशी, माणसे मिळून किती आवाज गिळतात, ते चौरस मीटरमध्ये) भागा. साडेसात बाय सहा मीटरची, ३.३ मीटर उंच खोली म्हणजे सुमारे १५० घनमीटर. प्लास्टर केलेल्या भिंती, फरशी आणि बाके मिळून शोषण जेमतेम १२ चौरस मीटर धरले तर घुमारा दोन सेकंद. ४० मुले बसली की आणखी साधारण १२ ची भर पडते, घुमारा एका सेकंदावर येतो. उघडी खिडकी म्हणजे पूर्ण शोषण, आत आलेला आवाज परत येतच नाही. पावसात खिडक्या लागल्या की तेही गेले. अमेरिकेच्या मानकात एवढ्या वर्गासाठी ०.६ सेकंदाची आणि रिकाम्या वर्गातील पार्श्वभूमीच्या आवाजासाठी ३५ डेसिबलची मर्यादा आहे. मागच्या भिंतीवर आणि दोन बाजूंच्या वरच्या पट्ट्यात मिळून २० चौरस मीटर चांगले आवाजशोषक फलक लावले तर आपण त्या ०.६ च्या जवळ पोचतो. घुमणाऱ्या खोलीत स्पीकर लावला तर घुमाराही तेवढाच मोठा होतो. ही चूक आम्हाला सर्वांत जास्त दिसते, आणि दोष मात्र यंत्राला दिला जातो.

जुन्या कौलारू शाळांची अडचण वेगळी आहे. दोन वर्गांमधली भिंत आडव्या तुळईपर्यंत जाते, आढ्यापर्यंत नाही. वरचा त्रिकोण मोकळा. तिसरीच्या वर्गात माइक लागला की चौथीला पाढे ऐकू येतात आणि मग चौथीलाही माइक हवासा वाटतो. तो त्रिकोण आधी बंद करा. प्लायवूडचा एक थर पुरत नाही. दोन थर, मध्ये भराव आणि कडेच्या फटी पुट्टीने बुजवलेल्या. वायुवीजनासाठी बाहेरच्या बाजूचे झरोके तसेच राहू द्यात.

सगळ्यांनाच यंत्रणा लागते असेही नाही. पट बारा असलेल्या वाडीवरच्या शाळेत मुलांना अर्धवर्तुळात दोन मीटरच्या आत बसवले की काम झाले. एकाच खोलीत दोन इयत्ता बसत असतील तर स्पीकर लावूच नये, एका इयत्तेचा फायदा तो दुसरीचा गोंगाट. खरी गरज आहे ती पन्नास-साठ मुलांच्या माध्यमिक वर्गांना, महामार्गालगतच्या शाळांना आणि आवाजाचा त्रास सुरू झालेल्या शिक्षकांना, मग त्यांचा पट कितीही असो. शेवटचा गट यादीत सहसा नसतो.

आता साहित्य. बाजारात कमरेला बांधायचा छोटा स्पीकर आणि कानामागून तोंडाशी येणारा माइक असा संच हजार-दोन हजारांत मिळतो. वीज नसली तरी चालतो, दुसऱ्या दिवसापासून वापरता येतो. उणीव एवढीच की आवाज कमरेच्या उंचीवरून निघतो आणि पहिल्या दोन बाकांवरची मुलेच तो अडवतात. त्यामुळे मागच्यांसाठी वाढवला की पुढच्यांच्या कानात बसतो. पेटीवर लिहिलेल्या वॉटवर विश्वास ठेवू नका. फिरत्या शिक्षकासाठी, सहलीसाठी, तातडीच्या गरजेसाठी तो घ्यावा.

कायमच्या वर्गासाठी बिनतारी माइक, ३० वॉटचा ॲम्प्लिफायर आणि दोन छोटे कॉलम स्पीकर पुरतात. शंभर वॉटचा लागत नाही. तो मंडपासाठी असतो. ॲम्प्लिफायर विजेवर आणि १२ व्होल्टच्या बॅटरीवर, दोन्हींवर चालणारा घ्या. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी निम्म्यापर्यंत वापरली तरी, बोलण्यासाठी सरासरी आठ-दहा वॉट लागतात असे धरून, चार तास निघतात. आपल्याकडे जुलैत वीज जाण्याची वेळ आणि शाळेची वेळ फार वेगळी नसते.

माइक कुठला, यावर सगळे अवलंबून आहे. शर्टाला किंवा पदराला अडकवलेला माइक तोंडापासून १५ सेंटीमीटरवर असतो, कानामागून येणारा ३ सेंटीमीटरवर. अंतर एक पंचमांश झाले की माइकमध्ये शिरणारा आवाज १४ डेसिबलने वाढतो, म्हणजे शिट्टी (स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरून होते ती) न वाजता आवाज वाढवायला तेवढी जास्त मोकळीक मिळते. शिवाय फळ्याकडे मान वळवली तरी तो तोंडासोबत फिरतो. माइकचे टोक ओठांसमोर नको, ओठांच्या कोपऱ्याशी हवे. समोर धरले की 'प', 'फ', 'भ' फुटतात. ब्लूटूथचा घरगुती स्पीकर वर्गात अजिबात नको. त्यात आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद उशिरा निघतो. शिक्षकाला स्वतःचेच बोलणे मागून ऐकू येते आणि तो अडखळू लागतो. शेजारशेजारच्या वर्गांत रेडिओ माइक असतील तर प्रत्येक वर्गाची वारंवारता वेगळी मागा आणि ती दारावर रंगाने लिहून ठेवा. नाहीतर सातवीच्या भूगोलात आठवीचे बीजगणित बोलू लागते. इन्फ्रारेड प्रकारात हा प्रश्न येत नाही, कारण तो किरण भिंत ओलांडत नाही. मात्र थेट ऊन पडणाऱ्या वर्गात तो अडखळतो.

स्पीकर फळ्याच्या बाजूला, शिक्षकाच्या डोक्यावर लावण्याची पद्धत आहे. ती सोडा. दोन्ही बाजूच्या भिंतींवर, खोलीच्या मध्यापासून थोडे मागे, दोन मीटर उंचीवर, तोंड किंचित खाली. प्रत्येक स्पीकर मुलांच्या जवळ असल्याने कमी आवाजात काम होते आणि तो शिक्षकापासून लांब राहतो. चिऱ्याच्या भिंतीत नेहमीचा प्लास्टिकचा गट्टू धरत नाही, जांभा भुसभुशीत असतो. लांब गट्टू सिमेंटमध्ये बसवा, स्क्रू स्टेनलेसचेच. साध्या लोखंडी स्क्रूचा किनाऱ्यालगत दोन पावसाळ्यांत गंज होतो आणि खाली मुले बसतात. आठ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की चार ओहम होतात. तार ॲम्प्लिफायरच्या ४ ओहमच्या जागीच जावी. शंभर व्होल्टच्या जागी आठ ओहमचा स्पीकर जोडला तर तो जळतो, कधी ॲम्प्लिफायरही घेऊन जातो. दोन्ही स्पीकरचे अधिक-उणे सारखे जोडा. एक उलटा झाला तर खोलीच्या मधोमध आवाज पोकळ येतो आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही.

गावातले साऊंडवाले हे काम चांगले करतात, तारा आणि जोडण्या त्यांना तोंडपाठ असतात. फक्त त्यांचा कान भजनाच्या बारीवर आणि नमनावर तयार झालेला असतो, त्यामुळे इको आणि बास आपोआप वर जातो. वर्गात इको शून्य. बास निम्म्याखाली, ट्रेबल किंचित वर. मग शिक्षकाला नेहमीच्या आवाजात बोलत वर्गभर फिरायला सांगा आणि आवाज हळूहळू वाढवा. शिट्टीची चाहूल लागली की तिथून स्पष्ट जाणवेल इतका खाली घ्या आणि बटणावर नेलपॉलिशची खूण करा. खुणेच्या वर कोणी जायचे नाही, मुख्याध्यापकांनीही. जुळणी बरोबर झाली हे ओळखायचे कसे? यंत्रणा चालू असल्याचे लक्षात येत नाही, बंद केली की येते. दार लावून व्हरांड्यात उभे राहिल्यावर शब्द कळू लागले तर आवाज जास्त आहे. शाळेभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो, त्याचा मानही आपणच राखायचा.

मुलांसाठी एक हातातला माइक असावा. उत्तर देणाऱ्या मुलाचा आवाज इतरांना ऐकू न आल्याने शिक्षकाला प्रत्येक उत्तर पुन्हा सांगावे लागते; ते श्रम वाचतात, आणि हळू बोलणारी मुलगीही वर्गाला ऐकू येते. एका वेळी एकच माइक चालू ठेवा, दोन उघडे राहिले की शिट्टीची मोकळीक तीन डेसिबलने घटते. श्रवणयंत्र वापरणाऱ्या मुलाला मात्र या स्पीकरवर सोडून देऊ नका. त्याच्यासाठी यंत्राला थेट जोडणारा वेगळा प्रेषक लागतो आणि तो समावेशित शिक्षणाच्या तरतुदीतून स्वतंत्रपणे मागायला हवा.

देखभालीत खरा शत्रू खारा वारा. जॅक हिरवे पडतात, आवाज खरखरतो, आणि 'मशीन बिघडले' म्हणून ते बाजूला पडते. महिन्यातून एकदा कॉन्टॅक्ट क्लीनर आणि सुती फडके, एवढे पुरते. यंत्र बंद कपाटात ठेवण्यापेक्षा रोज अर्धा तास चालू राहिलेले बरे, आतल्या उबेने दमट हवा बसत नाही. मे महिन्याच्या सुटीत लिथियमची बॅटरी निम्मी भरून, शिसे-आम्लाची पूर्ण भरून ठेवावी; जूनमध्ये फुगलेल्या बॅटऱ्या दिसतात त्या उलट केल्याने. माइकवरचा स्पंज प्रत्येक शिक्षकाचा वेगळा आणि धुतलेला. वैशाखातले वळीव आणि ऑक्टोबरातले गडगडाट यांत प्लग भिंतीतून काढायचा, नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. जांभ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंग सुकते. त्यात पाणी घालण्याची जबाबदारी कुणाची, हे एकदा फलकावर लिहा.

तेव्हा मागणी अशी. जिल्ह्यासाठी एकाच नमुन्याची घाऊक खरेदी करू नका. संयुक्त शाळा अनुदान असो, ग्रामपंचायतीचा निधी असो की मुंबईकर मंडळींची देणगी, आधी प्रत्येक शाळेकडून एक पानाची माहिती घ्या: छप्पर कशाचे, भिंत आढ्यापर्यंत आहे का, पट किती, खोलीत इयत्ता किती, आवाजाचा त्रास असलेले शिक्षक किती. निविदेत वॉट लिहू नका; 'मागच्या बाकावर आठ डेसिबलची भर, शिट्टीविना' असे लिहा. आणि पुरवठादाराचे निम्मे पैसे श्रावणातल्या चाचणीनंतर द्या, उन्हाळ्यातल्या नव्हे.

ती चाचणी अशी घ्यावी. शिक्षकाने तोंडासमोर वही धरून, ओठ दिसणार नाहीत अशा बेताने, वीस सुटे शब्द नेहमीच्या आवाजात वाचायचे. मागच्या दोन ओळींतील मुलांनी लिहायचे. एकदा यंत्रणा बंद ठेवून, एकदा चालू ठेवून, दोन्ही वेळा पाऊस पडत असताना. दुसऱ्या वेळी क्रम बदलायचा. शब्द हे घ्या: ताट, थाट, पाट, पाठ, काल, काळ, जाड, झाड, दार, धार, बात, भात, गोडा, घोडा, पळ, फळ, मन, मण, वेल, वेळ. दोन्ही वेळच्या बरोबर शब्दांचे आकडे शाळेच्या शिक्क्यानिशी देयकाला जोडावेत.

आपले,
कोकण किनारपट्टीवरील काही शिक्षक आणि ध्वनियंत्रणा जोडणारे तंत्रज्ञ